पुढच्या पायातली तार

मी एक जुना शॉकअप आहे. मोटारसायकलचा पुढचा डावा पाय म्हणा. शोरूममध्ये मला फोर्क म्हणतात, गॅरेजात शॉकअप म्हणतात आणि घरची सोनाबाई नुसता ‘पाय’ म्हणते. मला तिचाच शब्द आवडतो.

मित्रांनो, मला बोलण्याची सवय नाही. माझे कामच धक्के गिळण्याचे, आणि गिळणाऱ्याने बोलू नये असे मला वाटत आले. शिवाय माझी कहाणी कोण वाचणार? इंजिनाने सांगितली असती तर गोष्ट वेगळी. त्याचा आवाज चार आळ्यांत जातो. पण मला टाकून द्या असे माझ्या तोंडावर सांगितले गेले आणि ते मला मान्य नाही. म्हणून बोलतो. चुकलेमाकले तर सांभाळून घ्या.

माझी घडण साधी आहे. एक चकचकीत नळी, ती खालच्या जाड नळीत वर-खाली सरकते. आत स्प्रिंग आणि थोडे तेल. नळी जिथे आत शिरते तिथे रबराची एक घट्ट कडी असते, तिला ऑइल सील म्हणतात. ती तेल आत ठेवते आणि धूळ बाहेर. माझ्या शेजारी उजवीकडे अगदी माझ्यासारखाच दुसरा आहे, माझा भाऊ. कारखान्यातून निघालो तेव्हा आमच्या नळ्यांत माणसाचे तोंड दिसत असे.

कळंबच्या सहदेवने आमची गाडी खोपोलीतल्या शिळफाट्यावरच्या शोरूममधून घेतली. तो खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. रस्ता कसा होता ते विचारू नका. खड्डा आला की मी आणि भाऊ खाली बसायचो, पुन्हा उठायचो, आणि सहदेवच्या खांद्यापर्यंत काही पोहोचू द्यायचो नाही. तो घरी येऊन बायकोला म्हणायचा, “सोना, गाडी नाय ही, पाळणा हाय!” तेवढ्या एका वाक्यावर माझा सगळा आठवडा जायचा.

पहिल्या दसऱ्याला सोनाबाईने आम्हाला धुतले, हळदकुंकू लावले आणि दोघांच्या मध्ये तोरणासारखा झेंडूचा हार बांधला. पण दोऱ्याने बांधलेला हार पळसदरीच्या वळणावर वाऱ्याने तुटून पडला. तिच्या मनाला ते फार लागले. पुढच्या दसऱ्याला तिने कुंपणाची उरलेली बारीक तार घेतली आणि आमच्या दोघांच्या नळ्यांना चांगले पीळ देऊन हार आवळला. “आता बघू कसा पडतो,” ती म्हणाली. देवाचा हार हाताने तोडायचा नाही, तो सुकून आपोआप गळू द्यायचा, असा त्या घरचा रिवाज. फुले गळायची. तार राहायची. दर दसऱ्याला तिच्यावर नवी तार चढायची. खरे सांगू? मला त्याचे कौतुक वाटायचे. पायात तोडे घातल्यासारखे वाटायचे.

पुढे सहदेवला डोळ्यांनी कमी दिसू लागले आणि त्याने गाडी चालवणे सोडले. गाडी ओसरीला उभी राहिली आणि मला वाटले, संपले. पण मुलगी हर्षला हिने किल्ली उचलली. कळंबच्या आसपास फार्महाऊस झाली आहेत. शनिवार-रविवारी तिथे पाहुणे येतात, त्यांना गावठी जेवण हवे असते. सोनाबाई रांधायची आणि हर्षला मागे क्रेट बांधून डबे पोहोचवायची. कोणी लेणी पाहायला आले की कोंडाण्यापर्यंतसुद्धा.

नाक्यावर एक मिशाळ गृहस्थ रोज उभे असत. पहिल्याच दिवशी त्यांनी हाक मारली, “ए पोरी, गेअरची गाडी हाय ती! तुला झेपंल काय?”

“गेअर पायानं टाकतात काका, मिशीनं नाय,” हर्षला म्हणाली आणि गाडी पुढे काढली. मी तेव्हा खड्ड्यात नसतानाही उडी मारली.

मग माझे दिवस फिरले. माझ्या सीलमधून तेल पाझरू लागले, भावाच्याही. तेलावर धूळ बसे, धुळीवर चिखल. ब्रेक दाबला की आम्ही दोघे भसकन खाली जायचो आणि गतिरोधकावर लोखंडावर लोखंड आपटायचे. धक्का गिळायला आत तेलच पुरेसे नव्हते. जे मी गिळू शकलो नाही ते मागच्या क्रेटमधल्या डब्यांनी सोसले.

एका रविवारी फार्महाऊसच्या ओमकारने डब्याचे झाकण उघडले. तो तिथला सगळा कारभार बघतो.

“ताई, अर्धा रस्सा रस्त्याला वाढलास काय गं?”

क्रेटमधून लाल तर्री ठिबकत होती आणि माझ्यातून काळे तेल.

“बघ,” ओमकार हळू आवाजात म्हणाला, “सोनाकाकूच्या हाताला चव हाय म्हणून मी गप बसतो. पण पुढच्या रईवारी साखरपुड्याचं जेवण हाय. तवा असं झालं तर मालक दुसरा माणूस लावंल. मग माज्या हातात काय नाय.”

त्या घराची चूल आता या डब्यांवर चालत होती. आणि डबे माझ्यावर. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा माझी लाज वाटली.

हर्षला शिळफाट्याच्या त्याच शोरूमला गेली. तिथला साईराज नम्र मुलगा. तो खाली वाकला, सुकलेला हार दिसताच आधी नमस्कार केला, मग तेलाचे डाग पाहिले आणि उभा राहिला.

“मॅडम, दोन्ही फोर्क गेलेत. पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल.”

“नुसतं सील नाय बदलता येत?”

“आमच्याकडे पूर्णच बदलतात. गॅरंटी द्यावी लागते ना.” त्याने आकडा सांगितला.

हर्षलाने तो पुन्हा विचारला. मग म्हणाली, “यवढ्यात आमच्या घरावर नवे पत्रे पडतील.”

“म्हणूनच सांगतो, एक्स्चेंजला टाका. जुन्या गाडीला आता काही अर्थ नाही.”

काही अर्थ नाही! मी त्याच्या पायाशी उभा होतो, मित्रांनो. काय मोडले आहे हे कोणी विचारले नव्हते, आणि माझा निकाल लागला होता.

हर्षलाने मला कळंबला गजाच्या गॅरेजात नेले. गजा तिच्या वडिलांच्या ओळखीचा, कुरकुऱ्या पण मनाने बरा. त्याने जुनी सीले काढून नवी बसवली, तेल भरले. मधे तार येत होती, ती त्याने अलगद वर सरकवली.

“तोडून टाक की रं गजादादा,” हर्षला म्हणाली.

“नको गं बाय! सोनाकाकूचा हार हाय. तोडला तर मला भाकरीचा तुकडा द्यायची नाय ती.” काम झाल्यावर त्याने तार पुन्हा होती तिथे खाली आणून नीट आवळून ठेवली.

दोन-चार दिवस मी तरुण झालो. मग पुन्हा तेल. गजाने टोपी काढून डोके खाजवले. “आता माज्यानं नाय व्हणार. नळ्याच घासल्यात वाटतं. शोरूमवाला म्हनतो तसं कर.”

शेवटी हर्षलाने शोरूमला फोन केला की शनिवारी सकाळी गाडी एक्स्चेंजला घेऊन येते.

शनिवारी सहदेव अंगणात आला. दिसत नव्हते, म्हणून चाचपडत त्याने हँडल धरले आणि एकदा खाली दाबले, जुन्या सवयीने. मी आपटलो. तो तसाच हात ठेवून उभा राहिला.

तेवढ्यात सोनाबाई पक्कड घेऊन आली. देवाचा हार परक्याच्या दारी जाऊ देऊ नये, गाडी देण्याआधी तो आपल्या हाताने उतरवायचा, हाही त्या घरचा रिवाज. ती खाली बसली आणि इतक्या वर्षांच्या तारा एकेक कापू लागली. शेवटची निघाली तेव्हा तिचे बोट माझ्या नळीवरून फिरले आणि थांबले.

“हर्षे, इकडं ये. इथं हात लाव.”

हर्षलाने हात लावला. गुळगुळीत नळीवर जिथे तार होती तिथेच धारदार कडांचे बारीक चरे होते. भावाच्या नळीवर त्याहून खोल. ती नळी वर-खाली होताना प्रत्येक चरा रबराच्या सीलला खरवडत होती. नवे सील घाला, नाही तर सोन्याचे घाला, ते फाटणारच.

सोनाबाई हातातल्या तारेच्या भेंडोळ्याकडे बघत राहिली. “दर वरसाला पुजलं,” ती म्हणाली, “नि दर वरसाला कापलं.”

“आये, आता गाडी...”

“गाडी कुटं नाय जायची!” सोनाबाई उठून उभी राहिली. “पाय दुखला म्हणून माणूस विकतात काय? त्या शोरूमला फोन लाव, म्हनावं येत नाय आमी. नि गजाला बोलीव. त्याला सांग, काकू रागावली नाय, पन आज आधी काम, मंग भाकरी.”

सहदेव हसला. बऱ्याच दिवसांनी.

गजा आला, तार पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. “मीच ती वर सारली, मीच परत खाली बांधली. माज्यासारका शाना मीच!” मग हर्षला आणि तो कामाला बसले. माझे चरे उथळ होते. तेल लावून बारीक पॉलिश पेपरने तिने ते बोटाला लागेनासे होईपर्यंत घासले. भावाची नळी मात्र वाचली नाही. ती एकटीच मिळते, असेंब्ली घ्यावी लागत नाही, हे गजाने पनवेलच्या दुकानात फोन करून विचारले, आणि संध्याकाळच्या टेंपोने नळी आली. मला भावाच्या नळीचे वाईट वाटले. पण भाऊ तोच आहे, बरे का. नवी नळी आत उतरली तेव्हा तो माझ्याच तालात उठला-बसला.

रविवारी क्रेट नेहमीपेक्षा जड होता. साखरपुड्याचे जेवण. नाक्यावर मिशाळ काका होतेच. “अजून हीच गाडी काय?” त्यांनी विचारले. “हीच!” हर्षला म्हणाली. पुढे उंच गतिरोधक आला. मी श्वास रोखला. खाली बसलो, तेलाने मला अलगद झेलले, आणि मी उठलो. मागे एक झाकणसुद्धा वाजले नाही.

ओमकारने डबा उघडला. रस्सा काठापर्यंत होता, वर तर्रीची साय तशीच. त्याने बोट बुडवून चाखले आणि आत ओरडला, “ताटं मांडा रं!”

यंदाच्या दसऱ्याला मला हार मिळाला, पण सुती दोऱ्याने, वर दिव्याभोवती. तो तुटून पडला तर पडू दे, असे सोनाबाई म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी ती पक्कड घेऊन कळंबच्या नाक्यावर उभी राहिली. येईल त्या गाडीला अडवायची आणि पुढच्या पायातली तार कापायची. मिशाळ काकांचीही गाडी अडवली.

“वहिनी, देवाचा हार तोडता?”

“हार तुमच्या हातात देते, घ्या. तार मी ठेवते.” काकांनी हार घेतला आणि गाडी स्टँडवर लावली.

मित्रांनो, माझे सांगून झाले. नीट जमले की नाही, कोण जाणे. तुमच्या घरी गाडी असेल तर आज खाली वाका आणि तिच्या पुढच्या पायांवरून बोट फिरवा. तिथे काही बांधले असेल तर सोडा. आणि कोणी सगळेच टाकून द्या म्हणाले, तर आधी विचारा, नक्की काय मोडले आहे? मला कोणी एवढे विचारायला किती वेळ लागला ते तुम्ही पाहिलेच.

मी जुना आहे, हे मी नाकारत नाही. माझ्या नळीत आता तोंड दिसत नाही. पण उद्या सकाळी कोंडाण्याला रस्सा जायचा आहे, आणि तो माझ्यावरूनच जाणार आहे.