उष्टा पेरू

माघातली सकाळ. मिठागरांवर पांढरंशुभ्र ऊन. चौकोनाचौकोनांत गोठलेला समुद्र; खारट, निश्चल, नजर जाळणारा. त्या पांढऱ्या पसाऱ्याच्या काठाला, चिंचोळ्या बांधावर, केळीच्या पानावर एक पिंड. समोरच्या भेंडीच्या झाडावर कावळे. काळे, स्वस्थ, न उतरणारे.

देवकाबाईंचा दहावा. मुलगा नव्हता, पिंड लेकीनंच, वनितानंच ठेवला होता.

गेलेल्याच्या आवडीचं पिंडाशी मांडावं, ही रीत. देवकाबाईंच्या नणंदेनं, वनिताच्या आत्यानं, पानाच्या कडेला मशेरीची पुडी ठेवली. मायेनंच ठेवली. चाळिशीच्या आत जिचे दात गळाले, ती चोरून मशेरी लावत असणारच, हे गावानं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

देवकाबाई मशेरीला कधी शिवल्या नव्हत्या. पहाटेच्या निळ्या अंधारात कडुनिंबाची काडी, मग मीठ, मग चूळ. तरी हिरड्या लाल होत, सुजत, सैल होत. आणि पिकल्या फळासारखा एकेक दात हातात येई. त्यांच्या आईचेही तसेच गेले होते. आता वनिताचे हलू लागले होते.

पनवेलच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मायलेकींना शेजारी बसवून समजावलं होतं. जंतू सगळ्यांच्याच तोंडात असतात. पण रक्ताच्या वारशात कुठं एखादं अक्षर निराळं पडतं, आणि अशा घराण्यात जंतूंशी लढणारी देहातली फौज जास्तच चवताळून उठते. शत्रूवर धावते, थांबत नाही. धावता धावता आपलंच गाव जाळते. हिरडी जळते, हाड झिजतं. घाण नव्हे, व्यसन नव्हे.

 देवकाबाईंनी एवढंच विचारलं, "म्हंजे माझी चूक नव्हती?"

ऊन चढलं. कावळे हलेनात. आत्या म्हणाली, इच्छा राहिलीय गो तिची, पुडी उघडून ठेव.

वनितानं पुडी उचलली. आत्याच्या ओंजळीत परत ठेवली.

"आईनं हिला कधी बोट लावलं नाही, आत्या."

"गेल्या माणसावर आता कोण रागावतंय? पण दात काय असेच जातात?"

"असेच गेले. माझेपण हलतायत. मीपण चोरून लावते का?"

बांधावर नुसता वारा. खारा, कोरडा, हट्टी.

नैवेद्याच्या टोपलीतला सगळ्यांत हिरवा, सगळ्यांत कडक पेरू वनितानं घेतला. देवकाबाईंनी अर्धं आयुष्य ज्याचा नुसता वासच घेतला, तो पेरू. जमलेल्या बायांतलं कुणी पुटपुटलं, उष्टं नको दाखवूस. तिनं दात रोवले. हलणारे, दुखणारे, आईकडून आलेले दात. पांढऱ्या गरावर रक्ताची बारीक रेघ उमटली.

तो उष्टा पेरू तिनं पिंडाशेजारी ठेवला. आणि रीतीप्रमाणे मागं सरली नाही.

एक कावळा उतरला. पिंड ओलांडून आला, पेरूवर चोच मारली, लाल रेघेचा तुकडा उचलला, आणि उडाला. खाली मिठावरून त्याची सावली धावत गेली. लहान, काळी, कुणालाही न जुमानणारी.