येत्या महिन्यात: मास्तर

मंडळाचं पत्रक म्हणजे एकच कागद. वरच्या अर्ध्यावर मथळा ‘झालेलं’, खालच्या अर्ध्यावर ‘व्हायचंय’. वर गेल्या महिन्याच्या बातम्या: रक्तदानाला किती माणसं आली, त्यातली किती सुई बघूनच आडवी झाली, बागेतल्या कोणत्या बाकांना रंग लागला आणि तो ओला असताना त्यावर कोण बसलं. खाली पुढच्या महिन्याची कामं आणि प्रत्येक कामापुढे एक नाव. दोन नावं लिहिली की काम दोघांच्या मध्ये जाऊन बसतं आणि तिथेच म्हातारं होतं, असं चिटणिसांचं मत होतं. एकतीस वर्षं पत्रक तेच लिहीत असल्यामुळे त्यांचं मत खोडायला कोणी शिल्लक राहिलं नव्हतं.

चिटणीस पेशाने चष्मेवाले. गिऱ्हाइकाचा एक डोळा झाकायला लावून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगायची आणि तो बिचारा तिसऱ्या ओळीशी झगडत असताना आपण मंडळाच्या कामासाठी माणूस गटवायचा, ही त्यांची रीत. एक डोळा झाकलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, असा त्यांचा अनुभव.

आणि एकदा नाव छापलं की सुटका नाही. ते काम त्यानेच करायचं. बदली नाही, सबब नाही. या नियमापायी मंडळात काय काय घडलं ते ऐकलं तर माणूस तोंडात बोट घालेल. नळवाल्याचा पाय प्लास्टरमध्ये असताना वाचनालयाचा नळ त्याच्या नावावर निघाला, तर पठ्ठ्या हातगाडीवर आडवा पडून आला. नळाखाली झोपूनच काम करायचं असतं, मग पायाचं काय अडलंय, म्हणाला. रुग्णालयातल्या मुलांना गोष्ट सांगायची म्हणून निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं नाव छापलं आणि नेमका त्याच सकाळी त्यांचा आवाज बसला. बाईंनी दीड तास नुसत्या हातांनी गोष्ट सांगितली. तीत एक हत्ती होता यावर सगळ्या मुलांचं एकमत होतं. बाईंच्या मते ते जहाज होतं.

तर अशा मंडळात मास्तर आजारी पडले.

मास्तर म्हणजे शिंपी. चष्मेवाल्यांचे चाळीस वर्षांचे दोस्त. दोघांची दुकानं समोरासमोर, दोघांची भांडणं रस्ता ओलांडून चालायची. जानेवारीत डॉक्टरांनी मास्तरांच्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं की सहा आठवडे धरून चला. वहिनींनी ते चष्मेवाल्यांना सांगितलं. चष्मेवाल्यांनी ऐकून घेतलं, दुकानात आले आणि फेब्रुवारीच्या पत्रकात खाली लिहिलं: ‘रुग्णालयाच्या बालविभागासाठी चौदा पडदे – मास्तर’.

मास्तर उठले. पलंगावर टेकून कापड बेतलं, यंत्र पलंगाला लावून घेतलं, चौदा पडदे शिवले. मार्चमध्ये वाचनालयाच्या पिशव्या निघाल्या, मेमध्ये टोप्यांना अस्तर, जुलैमध्ये चाळीस शर्टांची बटणं. डॉक्टर दर महिन्याला येत, नाडी बघत, पुन्हा एकदा बघत आणि जात. गावात बोललं जाऊ लागलं की मरण मास्तरांच्या दारापर्यंत येतं, दारावर चिकटवलेलं पत्रक वाचतं, आणि याचं या महिन्यात जमणार नाही म्हणून चपला घालून परत जातं. चष्मेवाले यावर हसत, पण नाही म्हणत नसत. मनातून त्यांना वाटत होतं की आपल्याला गुरुकिल्ली सापडलीय. आपण नाव लिहीत राहायचं. तो वचनाचा पक्का आहे, तो काम टाकून जाणार नाही.

कामं मात्र लहान होत गेली. ऑगस्टपासून एकच उरलं. वृद्धाश्रमातल्या आज्या शनिवारी बसून तान्ह्या बाळांसाठी दुपटी शिवत. हात चालायचे, पण दोरा ओवायला नजर साथ देत नसे. म्हणून आदल्या दिवशी शंभर सुया ओवून, उशीत टोचून पाठवायच्या. ‘दर शनिवारसाठी शंभर सुया – मास्तर’.

सप्टेंबर संपत आला तेव्हा एका दुपारी वहिनी चष्म्याच्या दुकानात आल्या. चष्मा नाकावरून घसरतो म्हणाल्या. चष्मेवाल्यांनी तो घेतला, बारीक पेचकसाने दांडीचा स्क्रू आवळला. चष्म्यात काही बिघाड नव्हता हे त्यांना हातात घेताच कळलं होतं.

“भावोजी, ऑक्टोबरचं लिहिलंत?”

“आज लिहितोय. त्याला सुयाच ठेवतो. बसल्या बसल्या होण्यासारखं आहे.”

“बसल्या बसल्या नाही होत.” वहिनींनी चष्मा घातला नाही, हातातच धरला. “अख्खा शुक्रवार जातो. गोळीने हाताला गुंगी येते म्हणून शुक्रवारी दुखण्याची गोळी घेत नाहीत. आता गुरुवारीही घेत नाहीत. कण्हतात आणि ओवतात. मी ओवते म्हटलं तर म्हणतात, कागदावर नाव माझं आहे.”

चष्मेवाले म्हणाले की सहा आठवडे सांगितले होते आणि आठ महिने निघाले, हे विसरून कसं चालेल. वहिनी म्हणाल्या की त्या विसरलेल्या नाहीत. पहिले पाच महिने त्यांनी चष्मेवाल्यांचे मनोमन पाय धरलेत. पुढच्या तीन महिन्यांबद्दल बोलायला आल्यात.

“मग त्याने सांगावं ना मला. जमत नाही म्हणून.”

“ते सांगणार आहेत का? तुम्ही छापाल, ते करतील. म्हणून मी तुमच्याकडे आले, त्यांच्याकडे नाही गेले.”

वहिनी गेल्यावर चष्मेवाल्यांनी कागद पुढे ओढला. ‘झालेलं’ भराभर लिहून झालं. खाली ‘दर शनिवारसाठी शंभर सुया’ इथपर्यंत आले आणि लेखणी अडली. नाव लिहावं तर वहिनींचा चेहरा समोर. न लिहावं तर आपल्या हाताने दार उघडून पाहुण्याला आत घेतल्यासारखं. त्या दुपारी त्यांनी एका गृहस्थाला जवळचा नंबर लांबच्यासाठी दिला. तो दुसऱ्याच्या घरी जाऊन जेवायला बसला आणि त्या घरचे ओरडल्यावर उठला, असं नंतर सांगत होता. थोडं मीठमसाला लावून असेल, पण नंबर चुकला होता हे खरं.

दुकान बंद करायच्या वेळी त्यांनी त्या ओळीपुढे लिहिलं: चष्मेवाले.

कागदाच्या प्रती निघाल्या, नेहमीच्या अकरा जागी लागल्या. न्हाव्याने वाचलं आणि गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून तो बाहेर येऊन उभा राहिला. मंडळाच्या अध्यक्षबाई, दातांच्या डॉक्टर, त्यांचा फोन आला. मास्तरांचं नाव राहून गेलं का, हाताने घालू का, असं त्यांनी विचारलं.

“राहिलेलं नाही,” चष्मेवाले म्हणाले. “लिहिलेलं नाही.”

बाकीची माणसं त्यांच्याशी बोलताना आवाज खाली घेऊ लागली. एका म्हातारीने तर त्यांना बघून रस्ताच बदलला.

मास्तरांच्या घरची प्रत मात्र ते स्वतः घेऊन गेले. पलंग यंत्राला लागूनच होता. मास्तरांच्या गळ्यात मोजायची टेप अजून होती, फक्त गळा बारीक झाला होता. त्यांनी कागद घेतला, वरचा भाग सोडून दिला आणि खालच्या नावांवरून बोट फिरवलं. शेवटापर्यंत गेलं, परत वर आलं, पुन्हा शेवटापर्यंत गेलं.

“चष्म्या, माझं काही चुकलं का रे?”

“नाही.”

“गेल्या शनिवारच्या दोन सुयांमधून दोरा निसटला होता. तुझ्या वहिनीने सांगितलं असेल तुला.”

“तसलं काही नाही, मास्तर.” चष्मेवाले तयार करून आणलेलं सगळं वाक्य विसरले. “मी तुला आठ महिने धरून ठेवलं. नाव लिहून लिहून. तू काम टाकून जाणार नाहीस हे माहीत होतं मला. आता सोडतोय.”

मास्तरांनी कागद मांडीवर ठेवला. मग त्यांच्या खांद्यांना हलकासा झटका बसला. चष्मेवाले घाबरून उठले, तर मास्तर हसत होते.

“मला काय कळत नव्हतं होय? पडदे ठीक. पिशव्या ठीक. भर मे महिन्यात लोकरीच्या टोप्यांना अस्तर कोण लावून घेतं रे?”

“मग केलंस कशाला?”

“तू छापलंस म्हणून नाही.” मास्तरांना दम लागला, थांबून म्हणाले, “तुझी बायको गेली तेव्हा तू तीन महिने पत्रक काढलं नव्हतंस. दुकानात अंधार करून बसायचास. म्हटलं, मी पण लगेच गेलो तर हा परत तसाच बसेल. सवय होईपर्यंत थांबू. तू कामं काढत गेलास, मी थांबत गेलो.”

दाराशी वहिनी पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत.

चष्मेवाले परत खाली बसले. एवढी अक्षरं लोकांना वाचायला लावली, पण समोरचा माणूस आठ महिने वाचता आला नव्हता.

“झाली का सवय?” मास्तरांनी विचारलं.

“नाही झाली.”

“नाही व्हायची. पण नाव तर लिहिलंस स्वतःचं.” मास्तरांनी कागद घडी करून उशाशी ठेवला. “सुई ओवता येते का तुला? त्या फ्रेमच्या स्क्रूंपलीकडे काही येत नाही. बस इथे.”

मग त्या संध्याकाळी मास्तरांनी त्यांना शिकवलं. दोरा तिरका काप. ओठात भिजवू नकोस, फुगतो. दोरा चिमटीत एवढासा धर आणि सुई त्याच्यावर आण, दोरा सुईमागे पळवू नकोस. पाचवी सुई ओवली जाईपर्यंत मास्तरांनी त्यांना तीन शिव्या दिल्या होत्या, तिन्ही जुन्या. सहावीला वहिनींनी गोळी आणि पाणी पुढे केलं. मास्तरांनी घेतली.

मास्तर त्याच आठवड्यात, गुरुवारी दुपारी गेले. झोपेतच.

शुक्रवारी सकाळी सगळ्यांनी मिळून त्यांना निरोप दिला. अध्यक्षबाई हळूच चष्मेवाल्यांना म्हणाल्या की या शनिवारच्या सुया आम्ही कोणीतरी बघतो, तुम्ही घरी जा. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि दुकान उघडलं. पुढच्या पत्रकासाठी ‘झालेलं’च्या पहिल्या ओळीवर ‘मास्तर गेले’ एवढंच लिहिलं. वय, आजार, त्यांनी केलेली कामं, काहीच लिहिलं नाही.

मग काउंटरवरच्या फ्रेमी बाजूला सारून त्यांनी शंभर सुया मांडल्या. नजर शाबूत होती, पण हाताला सवय नव्हती. एका तासात अकरा झाल्या. चार वाजता बाराव्या सुईशी झटापट चालली असताना दुकानाचं दार उघडलं. वहिनी आत आल्या, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या, अक्षरांच्या तक्त्याकडे पाठ करून. त्यांचं नाव पत्रकात नव्हतं. चष्मेवाल्यांनी नियम सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

वहिनींनी पर्समधून चष्मा काढून घातला, अर्ध्या सुया आपल्याकडे ओढल्या आणि दोऱ्याचं टोक तिरकं कापलं.