बर्नीने वाचलेलं नाव

माझा नवरा बर्नी हुडाक एकतीस वर्षं पालिकेची बर्फ लोटणारी गाडी चालवत होता आणि तेवढीच वर्षं हॅमर्स नावाच्या टीमवर जीव टाकत होता. पहिल्या कामाचं त्याला पेन्शन मिळतं. दुसऱ्याने त्याला फक्त रक्तदाब दिला.

हॅमर्स आमच्या सरोवरकाठच्या शहराची अमेरिकन फुटबॉलची टीम. ती हरते. पाऊस असला तरी हरते आणि ऊन असलं तरी हरते. एप्रिलमध्ये ड्राफ्ट होतो, म्हणजे कॉलेजातून बाहेर पडलेल्या खेळाडूंची टीमांमध्ये वाटणी. गेल्या हंगामात जी तळाला, तिला आधी निवडायला मिळतं. त्यामुळे आमच्या शहरात ख्रिसमसपेक्षा ड्राफ्टचं कौतुक जास्त. निदान तिथे तरी आमचा नंबर वर असतो.

बर्नी जानेवारीपासून तयारीला लागायचा. तळघरात बसून दोनशे पोरांची उंची, वजन, गुडघ्यांची ऑपरेशनं वहीत उतरवायचा. आमच्या डोनाच्या लग्नात त्याने जावयाचं आडनाव दोनदा चुकीचं घेतलं, पण कुठल्या कॉलेजातल्या कुठल्या पोराच्या बुटाचं माप काय, ते त्याला झोपेतून उठवून विचारा.

दर सोमवारी सकाळी तो रेडिओवर फोन करायचा. "मी पश्चिमेकडचा बर्नी बोलतोय," असं म्हणून सुरुवात आणि मग टीमच्या मॅनेजरची सालं काढायची. "या माणसाला सफरचंदांच्या टोपलीतून सफरचंद काढायला सांगा, हा टोपलीचं हँडल घेऊन येईल." लोक गाड्या बाजूला लावून ऐकायचे. मी स्वयंपाकघरातून रेडिओ बंद करायचे.

त्या वर्षी त्याचा जीव जडला होता वेंडेल शिफ्लेटवर. वेस्ट व्हर्जिनियातल्या एका छोट्या कॉलेजचा टॅकल, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे उभं राहून अंगावर येणाऱ्यांना थोपवणारा गडी. आमचा क्वार्टरबॅक आदल्या हंगामात एकसष्ट वेळा आडवा झाला होता. बर्नी म्हणायचा, "रोझान, घराला भिंत नाही आणि हे येडे पडदे विकत घेतात." हे त्याचं बरोबर होतं, ते मी नाकारत नाही. तो चार चार तास गाडी हाकून शिफ्लेटचे दोन सामने बघून आला होता. मला कधी त्याने दंतवैद्याकडेसुद्धा सोडलं नाही.

मार्चमध्ये टीमच्या ऑफिसातून फोन आला. शनिवारी, ड्राफ्टच्या तिसऱ्या दिवशी, पाचव्या फेरीतलं नाव टीमच्या एखाद्या जुन्या चाहत्याने मंचावरून वाचायचं असं ठरलं होतं. रेडिओवर शिव्या घालणारा माणूसच बोलावला तर गंमत येईल असं तिथल्या कुणाच्या तरी डोक्यात आलं. बर्नी फोन ठेवून खुर्चीत बसला. म्हणाला, "पाचवी फेरी. शिफ्लेट पाचव्या फेरीतच जाणार, रोझान. त्यांनी मलाच का बोलावलं असेल, सांग बरं?"

"कारण तू फुकट येतोस," मी म्हणाले.

त्याने केस कापून घेतले. इस्त्री मी केली.

शनिवारी दुपारी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये मंच घातला होता. सरोवरावरून असा वारा येत होता की नॅपकिन उडून माणसांच्या तोंडाला चिकटत होते. पाचेक हजार लोक, सगळ्यांच्या हातात बिअर आणि सॉसेज. टीमच्या ऑफिसातली केली नावाची एक मुलगी बर्नीला दहा वेळा समजावत होती. "मिस्टर हुडाक, कार्डावर जे लिहिलंय तेच वाचायचं. विनोद नको, भाषण नको."

"मी काय लहान आहे का, बाळा?" बर्नी म्हणाला. एकसष्ट वर्षांचा माणूस हे विचारतो तेव्हा उत्तर हो असंच असतं.

बर्नीने मंचावर चढून पाकीट फोडलं. पहिल्या रांगेतून मला त्याचा चेहरा दिसत होता. बेकरीत शेवटचा डोनट आपल्या पुढच्याने उचलला की होतो तसा. कार्डावर, हे मला नंतर कळलं, लिहिलं होतं: नोआ ब्रँट, किकर. म्हणजे चेंडूला लाथ मारायला तेवढा मैदानात येणारा आणि उरलेला वेळ बाकावर बसणारा पोरगा. घराला भिंत नाही, पडदेही नाहीत, आता दारावरची घंटा आणली.

बर्नीने कार्ड खिशात घातलं. माइक ओढला.

"हॅमर्सची निवड," तो म्हणाला, "वेंडेल शिफ्लेट. टॅकल."

लोकांनी आरडाओरडा केला, कारण ते कशालाही करतात. मग मागच्या मोठ्या पडद्यावर ब्रँटचा फोटो आला. आधी गोंधळ, मग हशा, मग कुणीतरी ओरडलं, "बर्नीला मॅनेजर करा!" आणि पाच हजार लोक बर्नीचं नाव घेऊन नाचायला लागले. केली रडत होती. दोन धिप्पाड माणसांनी बर्नीला हाताला धरून खाली उतरवलं, आणि तो नवरदेवासारखा हात हलवत होता.

"निदान एकदा तरी," गाडीत तो म्हणाला, "या टीमने बरोबर नाव घेतलं."

"टीमने नाही. एका म्हाताऱ्या गाढवाने घेतलं."

"तुला खेळातलं काय कळतं?"

"गाढवातलं कळतं. तीस वर्षं झाली."

दोन दिवस तो राजा होता. शेजारी बिअरचे खोके घेऊन आले. रेडिओवर त्याचा आवाज पुन्हा पुन्हा वाजवला. टीमने त्याचं हंगामाचं तिकीट रद्द केलं तर त्याने ते पत्र फ्रिजवर लावलं, जसं डोनाचं प्रगतिपुस्तक कधी लावलं नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी डोनाचा फोन आला. "मम्मी, एक व्हिडिओ पाठवलाय. डॅडींना एकट्याला दाखवू नकोस. तू पण बघ."

शिफ्लेटच्या घरी त्या दिवशी तिथल्या गावच्या वाहिनीचा कॅमेरा होता. लहानसं घर, पंचवीस माणसं, टेबलावर हॅमचे सँडविच. टीव्हीवर आमचा बर्नी. त्याच्या तोंडून नाव निघालं आणि घरात एकच कल्ला उठला. नाकात ऑक्सिजनची नळी घातलेला आजोबा खुर्चीवरून उठला, त्याला दोघांनी सावरलं. आई तोंडावर दोन्ही हात घेऊन किंचाळली. मावश्या एकमेकींवर पडल्या. आणि या सगळ्याच्या मधोमध तो सव्वादोन हात रुंदीचा पोरगा हातातल्या फोनकडे बघत उभा. निवड झाली की टीम आधी खेळाडूला फोन करते. त्याचा फोन वाजला नव्हता. घरात एकट्या त्यालाच कळलं होतं, आणि तो कुणाला सांगू शकत नव्हता, कारण आजोबा त्याच्या गळ्यात पडून रडत होता.

मग टीव्हीवर ब्रँटचा फोटो आला. पुढचं मी सांगत नाही.

सातव्या, म्हणजे अखेरच्या फेरीच्या शेवटापर्यंत कुणीच वेंडेल शिफ्लेटला घेतलं नाही.

बर्नीने व्हिडिओ एकदाच बघितला. "त्याला कुणीतरी सराव शिबिराला बोलावेलच," तो म्हणाला. "मी त्याच्या बाजूने बोललो होतो, रोझान."

"तू तुझ्या बाजूने बोललास. त्याचं नाव फक्त वापरलंस."

त्या रात्री त्याने फ्रिजवरचं पत्र काढलं. मंगळवारी सकाळी म्हणाला, "तिकडे जायला हवं." मी खसखशीचा रोल भाजला, कारण आमच्यात कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जात नाहीत, मग ते दार तोंडावर आपटणार असलं तरी.

दार वेंडेलच्या आईनेच उघडलं. लुरीन शिफ्लेट. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काम करते, तोच गणवेश अंगावर होता. तिने बर्नीला ओळखलं. आत बोलावलं नाही.

"मॅडम, मी माफी मागायला आलोय," बर्नी म्हणाला.

"मागा."

"चुकलं माझं."

"काय चुकलं?"

बर्नी गडबडला. रेडिओवर एका दमात वीस मिनिटं बोलणारा माणूस. "मी... म्हणजे, मला तो खरंच हवा होता. मी त्याचे दोन सामने बघितले. त्याच्यासारखा टॅकल या वर्षी..."

"ही माफी नाही. हे परत तेच चाललंय." ती शांतपणे बोलत होती, म्हणून जास्त लागत होतं. "माझे वडील तीन महिन्यांत खुर्चीवरून स्वतःहून उठले नव्हते. तुमच्यासाठी उठले. पाणी प्या म्हटलं तरी उठत नाहीत. आता ते मला रोज विचारतात, वेंडेलचं सामान भरलं का? त्यांच्या डोक्यातून ते जातच नाहीये. मी काय सांगू त्यांना, मिस्टर हुडाक? तुम्ही सांगता का आत येऊन?"

बर्नीने टोपी काढली. माझ्याकडे बघितलं. मी रोलकडे बघितलं.

"सांगतो," तो म्हणाला.

तो खरंच आत गेला. मी दारातून बघितलं. म्हाताऱ्याच्या खुर्चीपाशी तो गुडघ्यावर बसला, त्या गुडघ्यावर, जो त्याने गेली सहा वर्षं चर्चमध्येही टेकवला नाही. म्हणाला, "साहेब, टीव्हीवरचा तो माणूस मी. मी खोटं वाचलं. वेंडेलचं नाव कार्डावर नव्हतं."

म्हाताऱ्याने टीव्हीवरची नजर काढली. "मग का वाचलंस रे?"

"मला शहाणपणा दाखवायचा होता."

"दाखवलास," म्हातारा म्हणाला आणि टीव्हीकडे वळला.

वेंडेल मागच्या अंगणातून आला. घाम पुसत होता. त्याने बर्नीशी हात मिळवला, जे मी त्याच्या जागी असते तर केलं नसतं. दक्षिणेतल्या एका टीमने शिबिराला बोलावलं होतं, जूनमध्ये जायचं होतं. बर्नीचा चेहरा उजळला, तोंड उघडलं, आणि मी त्याच्या पायावर पाय दिला. तोंड मिटलं. लुरीनने रोल घेतला, पण आभार मानले नाहीत. तेही बरोबरच.

वेंडेलला ऑगस्टमध्ये शिबिरातून परत पाठवलं. वर्तमानपत्रात मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत आलं होतं. बर्नीने भिंग लावून शोधलं. ऑक्टोबरमध्ये त्या ब्रँटने वाऱ्याविरुद्ध बावन्न यार्डांवरून चेंडू मारला आणि हॅमर्स चक्क जिंकले. शेजारच्या रँडीने कुंपणावरून डोकं काढून विचारलं, "काय बर्नी, किकर कसा काय?"

"वारा पडला होता," बर्नी म्हणाला. वारा पडला नव्हता. आमचं कचऱ्याचं पिंप रस्त्याच्या पलीकडे गेलं होतं. काही माणसं सुधारतात ती एकाच बाजूने.

पण रेडिओला त्याने नंतर फोन केला नाही, हेही सांगायला हवं. फोन केला तो लुरीनला. ब्रँटच्या सामन्यानंतरच्या मंगळवारी, टोपी हातात घेऊन, जणू ती समोर उभी आहे. तीन मिनिटं मला फक्त "हो मॅडम," "नाही मॅडम," एवढंच ऐकू आलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हातारे गेले सप्टेंबरात. वेंडेल शाळेतल्या पोरांना फुटबॉल शिकवतोय. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा सामना आहे."

"ये म्हणाली?"

"नाही."

"येऊ नका म्हणाली?"

"तसंही नाही म्हणाली."

मी भांडी पुसत होते. चार तास जायचं, चार तास यायचं, मधे दोन तास लाकडी बाकड्यावर. "तिथे तोंड बंद ठेवणार असशील," मी म्हणाले, "तर मी येते."

बर्नी विचार करायला लागला. त्याला बराच वेळ लागला.