तुमचा तास देता का?

माझ्याकडून चित्रकलेचा तास कोणी मागून नेला की माझ्या अंगाची एक ढलपी निघते. पेन्सिल तासताना निघते तशी, पातळ, कुरळी, कडेला साडीच्या रंगाची रेघ असलेली. दुखत नाही. पहिली निघाली तेव्हा मी ती केरात टाकली आणि मुलांना म्हटलं, "रंगपेट्या मिटा, पाथरकर सर गणित घ्यायला येतायत."

एकवीस वर्षं हे चाललंय. चाचणी आली, तपासणी आली, भाग मागे राहिला की सर दारात उभे. "तारळेकर बाई, तुमचा तास देता का?" आणि मी म्हणायची, "घ्या." जीभच तशी वळली होती. तास या शब्दात तासणं आहे, हे मला फार उशिरा कळलं. आता मी समोरून बाई दिसते आणि बाजूने दिसत नाही. मागच्या सोमवारी शिपाईमामांनी मला नकाशा समजून गुंडाळलं आणि कपाटात ठेवलं. सुट्टी होईपर्यंत मी आत उभी होते.

"चुकलं बाई," मामा म्हणाले, "पण तुम्ही तरी ओरडायचं."

जूनपासून वेळापत्रकात चित्रकला ठेवायचीच नाही, असं शाळेच्या मंडळात घाटतंय. म्हणून मी मंडळाच्या निवडणुकीला उभी राहिले. जागा एक, उमेदवार दोन. दुसरे पाथरकर सर.

अर्ज घेताना कार्यालयातल्या मोघ्यांनी एका रकान्यावर बोट ठेवलं. "जाडी राहिलीय, बाई."

"जाडी कशाला हवी?"

"खुर्चीत बसणार ना तुम्ही? खुर्ची रिकामी दिसली की लोक तिथे दुसऱ्याला बसवतात."

मी लिहिलं, "पुरेशी." रागाने पेन कागदातून आरपार गेलं, मग टेबलातूनही गेलं. मोघ्यांनी खाली वाकून ते उचललं आणि टोपण लावून परत दिलं.

दर एकादशीला मी राममंदिरात भानुदासबुवांच्या कीर्तनाला जाते. तिथे माझं काही निघत नाही. उलट बुवांनी आख्यान रंगवलं, पेटी आणि तबला एक झाले, की मी दोन बोटं जाड होऊन घरी येते. देवाची कृपा म्हणा. सकाळी शाळेत गेलं की ती दोन बोटं जातात. बुवांना मी सांगितलं, मतदानाआधी सभेत बोलायला दहा मिनिटं आहेत, तिथे कीर्तनच करीन म्हणते.

"मग पूर्वरंग आवरता घ्या," बुवा म्हणाले. "आणि मध्ये थांबायचं नाही. थांबलात की लोक हार घालतात, बुक्का लावतात आणि चपला शोधायला लागतात."

"पण मला फार राग आलाय, बुवा. गाऊ कशी?"

"रागाशिवाय कोण गातं?"

सभा रविवारी सकाळी भरली. दीडशे सभासद, बहुतेक सगळे आमच्याच शाळेत शिकलेले, आता त्यांची मुलं इथे शिकतात. मी पायरी चढले तशा खुर्च्यांच्या रांगा एकेक पाऊल पुढे सरकल्या. कोणी उठलं नव्हतं. मी माईकपाशी पोचले तेव्हा पहिल्या रांगेचे गुडघे मंचाला टेकले होते.

अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं. ते माझ्या डावीकडे बघत होते.

पाथरकर सर उठले. त्यांनी घसा खाकरला. "बाई, माझा थोडा भाग राहिलाय. तुमची दहा मिनिटं देता का?"

कोणी हसलं नाही. हा प्रश्न सगळ्यांना पाठ होता. माझी जीभ "घ्या"कडे वळली. मी ती दातांत धरली. आणखी एक ढलपी निघाली असती तर माझ्यातून मागचा पडदा दिसला असता.

"नाही देत," मी म्हटलं.

"अहो, दहाच मिनिटं. महत्त्वाचं आहे."

"तुम्ही दारात आलात की चाळीस रंगपेट्यांची झाकणं लागायची, सर. कोणी कुरकुरायचं नाही. तो आवाज मला देवापुढे बसले तरी येतो. नाही देत. खाली बसा."

सर बसले नाहीत. मी त्यांच्याकडे पाठ केली, सोबत आणलेले टाळ उचलले आणि वरच्या पट्टीत गायला सुरुवात केली. आवाज खरखरीत लागला, पण लागला. खिडक्यांची तावदानं थरथरली. मी थांबले नाही.

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "मतदान उरकून घेऊ," ते म्हणाले. "हात वर करा."

कोणासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. दीडशे हात वर झाले. एकालाही बोटं नव्हती. मनगटापासून वर सगळे पेन्सिलीसारखे नीट तासलेले होते, काळ्या टोकापर्यंत, आणि मी गात असताना ती टोकं हळूहळू माझ्याकडे वळली.