गंजावर बसवलेली डिस्क

मित्रांनो, गॅरेजचं लोखंडी दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याच्या पायाशी एक गोल, जड चकती टेकवून ठेवलेली असते ना, तीच मी. मी एक जुनी ब्रेकची डिस्क आहे. जुनी म्हणायचं एवढंच. खरं तर माझं वय काहीच नाही, मला अकाली म्हातारी केली.

भट्टीत वितळलेल्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, रसातून माझा जन्म झाला. यंत्रावर फिरवून मला गुळगुळीत केलं आणि अंगावर तिरप्या खाचा कोरल्या. ब्रेक दाबला की मला दोन्ही बाजूंनी चिमटून धरणाऱ्या पॅडची भुकटी आणि पाणी त्या खाचांतून बाहेर पडतं आणि ब्रेकची पकड टिकते. माझ्या खाचांना दिशा आहे. म्हणून माझ्यावर एक बाण उमटवला आणि मी उजव्या चाकाची ठरले. माझी जोडीदारीण डाव्या चाकाची. गंज चढू नये म्हणून तेल चोपडून आम्हाला खोक्यात घातलं.

आम्हाला विकत घेतलं वहिनींनी. त्या लोकांना मोटार चालवायला शिकवत. त्यांचा नवरा आणि दीर मिळून गॅरेज चालवत. थोरला गिऱ्हाइकं सांभाळी, धाकटा दुरुस्ती करी, आणि घर गॅरेजच्या वरच होतं.

"शिकाऊ माणूस कधी कचकन ब्रेक मारेल, नेम नसतो. भाऊजी, एवढ्या नीट बसवून द्या," म्हणत वहिनींनी खोकं धाकट्याच्या हाती दिलं.

धाकट्याचा हात चलाख होता, हे मी नाकारत नाही. पण बाहेर गिऱ्हाइकाची मोठी गाडी उभी होती, आणि घरच्या कामाला कोण विचारतो? जुनी डिस्क काढली तेव्हा मागच्या हबवर, म्हणजे डिस्क जिथे टेकते त्या चाकाच्या मधल्या भागावर, गंजाचे पापुद्रे साचले होते. ते घासून काढायचा तारेचा ब्रश समोरच खिळ्याला लटकत होता. धाकट्याने नुसती फुंकर मारली. माझं तेल धुवून काढायचं सोडून त्याने हात पुसायचं फडकं फिरवलं. बाण तर पाहिलाच नाही. मला डाव्या चाकावर चढवलं, जोडीदारणीला उजव्या. मी गंजावर वाकडी बसले आणि तशीच आवळली गेले.

वाकडी डिस्क फिरताना पॅडला एकाच जागी घासत राहते. ती सगळीकडे सारखी झिजत नाही. थोड्याच दिवसांत ब्रेक दाबला की पायाखाली धडधड जाणवू लागली.

"भाऊजी, पेडल थरथरतंय. एकदा उघडून बघता का?"

"वहिनी, तुम्ही चालवायला शिकवा. दुरुस्तीचं आमच्यावर सोडा. नवीन आहेत, बसतील घासून."

वहिनी दुसरीकडे गाडी दाखवते म्हणाल्या, तर थोरला भडकला. "घरचं गॅरेज असताना? लोक तोंडात शेण घालतील आमच्या!"

वहिनींनी तो विचार सोडला. गाडी तशीच चालत राहिली.

त्यांच्याकडे एक नर्स शिकायला येत असे. "ड्यूटीला जायला कुणाची मिनतवारी करायला नको, म्हणून शिकतेय हो मॅडम," असं ती हसत सांगायची. एका सकाळी उतारावर अचानक एक हातगाडी आडवी आली. नर्सने ब्रेक दाबला. धडधड अशी उसळली की तिला वाटलं, आपल्या हातून काहीतरी मोडलं. घाबरून तिने पाय उचलला. वहिनींनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. मी जिवाच्या आकांताने पॅडला धरू पाहिलं, पण तेल प्यायलेले पॅड निसटत राहिले. हातगाडी वाचली. आमची गाडी भिंतीवर गेली आणि नर्सचं उजवं मनगट मोडलं.

त्या दिवशी वहिनींनी कुणाला न विचारता गाडी परक्या गॅरेजात नेली. तिथल्या मेकॅनिकने मला उतरवून उलटी केली, तसा तांबडा भुगा खाली पडला. "हा गंज काढलाच नव्हता? आणि बाणही उलटा?" तो म्हणाला.

वहिनींनी मला आणून दोघा भावांपुढे ठेवलं.

"माल खराब निघाला असेल," धाकटा म्हणाला.

"बोट फिरवून बघा, भाऊजी."

त्याने बोट लावलं नाही. थोरला खालच्या आवाजात म्हणाला, "नर्सने पाय उचलला, हे खरं ना? मग तेवढंच सांगायचं. गॅरेजचं नाव गेलं तर आपण कुठे जायचं?"

वहिनींनी मला पिशवीत घातलं आणि त्या नर्सच्या घरी गेल्या. नर्सचा हात प्लास्टरमध्ये होता. "चूक माझीच हो मॅडम," ती म्हणाली. "माझाच पाय घाबरला."

"नाही. ब्रेक चुकीचे बसवले होते. आणि ते थरथरतात, हे मला ठाऊक होतं. तरी मी तुम्हाला त्या गाडीत बसवलं."

वहिनींनी मला पिशवीतून काढून दाखवलं, तसं नर्सने डाव्या हाताचं बोट माझ्या गंजावरून फिरवलं. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही आता जा."

पुढे ते मनगट वाकडंच जुळलं. नर्सला वॉर्डातून काढून नावनोंदणीच्या खिडकीशी बसवलं, असं कानावर आलं. वहिनींकडे कुणी शिकायला येईना. गाडी विकली गेली. थोरला त्यांच्याशी कामापुरतं बोलतो.

आणि गॅरेज? ते झोकात चाललंय. मला दाराशी टाकलंय, आणि नवं गिऱ्हाईक आलं की धाकटा मला बुटाने ढकलून दाखवतो, "हलका माल घेतला की असं होतं बघा!"

मित्रांनो, मी हलकी नव्हते. माझी बसायची जागा घासली असती, मला धुतलं असतं, बाण पाहिला असता, तर मी वर्षानुवर्षं इमानाने राबले असते. आत्ता माझ्यासमोर एक गाडी उचलून धरलीय. नव्या डिस्कचं खोकं फुटलंय. ब्रश खिळ्यालाच आहे. गाडीचे मालक बाकावर बसून चहा पिताहेत. मित्रांनो, तुमची गाडी अशी उघडली जाईल, तेव्हा चहा राहू द्या. उठा, जवळ जा आणि विचारा. समोरचा रागावला तरी विचारा.