सोळावी फेरी

आमचे हे आयुष्यात एकही शर्यत हरले नाहीत, कारण त्यांनी एकही पुरी केली नाही. ते पेसर होते. पंचवीस फेऱ्यांच्या शर्यतीत नामांकित धावपटूंच्या पुढे ठरल्या वेगाने पळायचं, पंधरा फेऱ्या झाल्या की बाजूच्या गवतावर उतरायचं, जॅकेट चढवायचं आणि टाळ्या वाजवायच्या. घड्याळ न बघता प्रत्येक फेरी अडुसष्ट सेकंदांत, ना एक इकडे ना एक तिकडे. पदकं मात्र मागून येणाऱ्यांनी नेली.

गुडघ्याने संप पुकारला तेव्हा सगळे म्हणाले, खेळाडू माणूस, धंद्यात नाव काढील. काढलं, पण दुसऱ्यांचं. मित्राबरोबर सायकलींचं दुकान उभं केलं आणि जम बसला तसे घरी येऊन बसले. मग चुलतभावाबरोबर बेकरी, तिथेही तेच. विचारलं की म्हणायचे, "लागलं ना त्यांचं मार्गाला!" मी कपाळाला हात लावायची.

तरीही तिसऱ्या वेळी मी उडी घेतली. इस्पितळातली आयाची वीस वर्षांची नोकरी सोडली आणि आम्ही त्याच इस्पितळाच्या चादरी धुवायची लाँड्री काढली. आता परतीची वाट नव्हती. माझ्या जागी दुसरी बाई रुजूही झाली होती. ह्यांनी लाँड्री सरावासारखी चालवली. पहाटे पाचला पहिलं मशीन, कोणत्या खेपेला किती मिनिटं लागली त्याची वही, अंग दुखलं तरी कुरकुर नाही. मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

सातव्या महिन्यात इस्पितळाची दुसरी इमारतही आमच्याकडे आली. त्याच आठवड्यात हे माझ्या धाकट्या भावाला एकेक गोष्ट शिकवायला लागले. साबण किती, रक्ताचा डाग कशाने जातो, वाळवायचं मशीन दोन खेपांच्या मध्ये किती वेळ थंड होऊ द्यायचं. शनिवारी दुपारी त्यांनी त्याच्या हातात किल्ल्या ठेवल्या आणि खिळ्यावरचं जुनं जॅकेट काढलं.

"छान चाललंय की तुमचं," ते म्हणाले.

"तुमचं? आणि तुम्ही कुठे निघालात?"

ते ओल्या चादरींच्या ढकलगाडीच्या कडेला टेकले. मग म्हणाले, "मला पुढचं येत नाही गं. पंधरा फेऱ्यांनंतर पाय काय करतात, मला ठाऊकच नाही. कधी गेलोच नाही तिथे. भीती वाटते."

इतक्या वर्षांत मी त्यांना आळशी म्हणाले, बेफिकीर म्हणाले, नाही नाही ते बोलले. हे भीत असतील, असं मनातही आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

रविवारी सकाळी त्यांना मैदानावर नेलं. म्हटलं, "पळा, चाला, नाहीतर रांगा, पण पंचवीस." पंधरावी संपताना ते सवयीने गवताकडे सरकले. मी तिथेच उभी होते, नेमकी त्यांच्या जागेवर.

"इथे जागा नाही," मी म्हणाले.

त्यांनी डोळे वटारले आणि पुढे गेले. सोळावी फेरी बघवत नव्हती. अडुसष्ट सेकंदांची ती ऐट कुठल्या कुठे गेली. खांदे पडले, पाय फरफटले, मध्येच थांबून त्यांनी गुडघा चोळला. मी हाक मारली नाही. फेऱ्या मोजत राहिले आणि रडत राहिले.

ऊन चढल्यावर पंचविसावी झाली. पांढरी रेषा ओलांडून ते दोन पावलं पुढे आले आणि गोंधळून उभे राहिले. एकदा गवताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"आता काय करायचं असतं?" बावन्न वर्षांच्या माणसाने मला विचारलं.

जॅकेट माझ्या खांद्यावर होतं, ते मी दिलं नाही. भावाकडून मागून आणलेल्या किल्ल्या त्यांच्या घामेजल्या हातात ठेवल्या.

"उद्या पाचला मशीन लावायचं," मी म्हणाले.