अंगाऱ्याला मोजमाप नसते

दर गुरुवारी वडनेरच्या शाळेमागच्या मैदानात पाय ठेवायला जागा नसे. कापूस वेचून कंबर धरलेल्या बाया, तापानं फणफणलेली माणसं आणि मधोमध पट्ट्यापट्ट्याच्या सतरंजीवर थंडाबाबा. यांच्या अंगाऱ्यानं ताप उतरे म्हणून हे नाव. आणि उतरेही! किसनरावांना हुडहुडी भरलेली असताना बैलगाडीतून आणलं, चमचाभर अंगारा पाण्यातून पाजला आणि तासाभरात त्यांना दरदरून घाम फुटला. अंग गार.

“पाहा, रोग घाम होऊन पळून राह्यला!” बाबा गरजले. “दवाई माणसाची, म्हणून मोजून घ्या लागते. अंगारा देवाचा. देवाच्या वस्तूले मोजमाप कायचं? दुखलं का घ्या, पुन्हा दुखलं का पुन्हा घ्या!”

समोरच्या किराणा दुकानात बसून सदाशिवराव मिशीतल्या मिशीत हसत. बाबावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण गुरुवारी नारळ-उदबत्त्या खपत, त्यामुळे तोंड उघडायची घाईही नव्हती. बाबांचा चेला नत्थू सदाशिवरावांच्याच हस्ते हिंगणघाटहून तापाच्या गोळ्यांचे डबे मागवी, हजार-हजार गोळ्यांचे. “बाबाच्या मठातल्या गाईले ताप येते,” म्हणे. गाई दोनच होत्या. फार तापट असाव्यात, असा विनोद करून सदाशिवराव डबा हातात देत.

त्यांची बायको रुख्मिणी मात्र बाबांपुढे पहिल्या रांगेत असे. “गोळीनं गरमी होते,” म्हणून तिनं आयुष्यात कधी गोळी गिळली नव्हती. आता कंबर दुखली की चमचा, गुडघा दुखला की चमचा, शेतात जाताना एक, येताना एक. दिवसाचे बारा-चौदा सहज होत. नवऱ्यानं हटकलं तर म्हणे, “राखच तं आहे. राखेनं काय होते?” हे मात्र सदाशिवरावांनाही पटलं.

महिन्याभरात तिचं जेवण सुटलं, ओकाऱ्या लागल्या, डोळे पिवळे झाले. बाबांनी भर सभेत जाहीर केलं, “देवीमायनं हिले हळद लावली! भाग्याची आहे बाई. अंगारा दुप्पट करा!” बायांनी रुख्मिणीची ओटी भरली, तिच्या पाया पडल्या. पाटावरून उठताना तिला भोवळ आली आणि दुकानातून पाहायला आलेल्या नवऱ्याच्या अंगावर ती कोसळली. तेव्हा कुठे सदाशिवरावांचं हसू गेलं.

हिंगणघाटच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं पोट चाचपलं. “कोणत्या गोळ्या खात होत्या ह्या?”

“गोळीले तं ते हातबी लावत नाई, बाई. देवाचा अंगारा घेते फक्त.”

“त्यानं दुखणं थांबायचं?”

“अर्ध्या घंट्यात. दिवसाले बारा-चौदा चमचे खाये, महिनाभरापासून.”

“राखेनं अर्ध्या तासात दुखणं थांबत नाही.” त्यांनी रुख्मिणीच्या पदराला बांधलेली पुडी सोडवून पुढे केली. “जिभेला लावून बघा.”

कडूजहर! घशात अडकलेली गोळी विरघळते तेव्हा येते तीच चव. सदाशिवरावांच्या डोळ्यांपुढे मठातल्या दोन गाई उभ्या राहिल्या.

“राखेत कुटलेल्या ह्या तापाच्या गोळ्या एक-दोन घेतल्या तर गुणाच्याच आहेत,” बाई म्हणाल्या. “पण दिवसाला चौदा चमचे, तेही महिनाभर? लिव्हर सुजलंय. आठवडा निघाला तर वाचतील. आज मी काही सांगत नाही.”

सदाशिवरावांनी रडून घेतलं. मेहुणीला खाटेपाशी बसवून गुरुवारी त्यांनी वडनेरची बस धरली.

मैदानात त्यांनी दोन पेले मांडले. एकात घरच्या चुलीतली राख, दुसऱ्यात अंगारा. दोन्हींत गरम पाणी ओतलं, निवळू दिलं, फडक्यानं गाळलं. चाखायला पुढे आली मनकर्णाबाई, बाबांची सर्वांत जुनी भक्तीण.

“हे खारट लागते,” ती म्हणाली. “आन् हे... आई वं, कडू!”

“देवाची परीक्षा काऊन घेऊन राह्यला रे?” बाबा कडाडले.

“देवाची नाई, राखेची घेऊन राह्यलो. बाबा, माही बायको रोज चौदा चमचे खाये. तुमी आज चौदा खा. महिनाभर नाई, एकच दिवस!”

बाबांनी अंगाऱ्याच्या डब्याकडे पाहिलं. “आज माहा उपास आहे.”

“अंगारा उपासाले चालते!” मनकर्णाबाई भाबडेपणानं म्हणाली. “चतुर्थीले तुमीच तं सांगतलं. खा नं, बाबा.”

सगळं मैदान वाट पाहत राहिलं. बाबांचा हात काही चमच्याकडे जाईना. शेवटी नत्थूच रडकुंडीला आला, “मी फक्त गोळ्या कुटून देत होतो!”

“गोळ्या आल्या कोठून पण?” किसनरावांनी विचारलं.

नत्थू सदाशिवरावांकडे पाहू लागला. सदाशिवरावांनी मान खाली घातली नाही.

“माह्या हातून. दोन गाईले हजार गोळ्या लागत नाईत, हे मले समजत होतं. मी हासलो आन् डबा देल्ला. बाबा लबाड होता, पण मी तं शायना होतो नं?”

घरी जाऊन बायांनी पुड्या उकिरड्यावर फेकल्या.

रुख्मिणी एकवीस दिवसांनी घरी आली, म्हणून तर ही गोष्ट हसत सांगता आली. औषध देवाच्या नावानं घेतलं की दुकानातून, लिव्हरला त्यातला फरक कळत नाही. किती पोटात गेलं तेवढंच कळतं. तेव्हा हातावर कोणीही, काहीही ठेवलं तरी गिळण्याआधी दोन प्रश्न विचारा: यात काय आहे, आणि किती घ्यायचं? उत्तर द्यायला जो चिडेल, त्याचं औषध त्यालाच परत करा.